अंधारीतली हाक

रविवार, १२ जानेवारी, रात्री जेवणाआधी

उद्या हैदराबादला कामावर परत निघायचं. पण आज मन लई हलकं हाय.

मेंढरं सोडून बांधकामावर गेलो तवापासून आबा माझ्याशी, पोटच्या पोराशी, तोंडापुरतंच बोलायचे. जन्मभर दौलताबादच्या किल्ल्याखाली मेंढरं चारली, पण आत कधी गेले नाय. म्हणून आज मीच नेलं. आबांनी दारातच चपला काढल्या. म्हणाले, "राजाचं घर हाय, असंच कसं घुसायचं?"

किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या काळोख्या भुयारात मला काहीच दिसंना. चाचपडत उभा होतो, तर पुढून आबांची हाक आली, "हिर्रर्र ह्यो!" चुकल्या मेंढराला घालतात ती. हाकेमागं चालत उजेडात आलो. ते तसेच पुढं चालू लागले. मी त्यांना चुकलेलं मेंढरूच वाटतो का? डोक्यात तेच घोळत राहिलं.

मग शहरात शहागंजच्या बाजारात आबाच हरवले. फोन ते ठेवत नाय. "आबा, आबा" करून घसा बसला. शेवटी लाज सोडली आणि तीच हाक घातली. सगळा बाजार वळून बघाय लागला. आबा बांगड्यांच्या गाड्यामागून हसत आले.

"येड्या, माणसांत कुणी असं वरडतं व्हय?"

"तुमचीच हाक हाय."

"मला वाटलं, तिकडं जाऊन इसरला असशील."

चहा पिताना बघतो तर आबा अनवाणीच. चपला किल्ल्याच्या दारातच राहिल्या!

"सकाळी दोघं जाऊन आणू," म्हणाले.

दोघं. गाडी रात्रीची हाय, जमतंय.