बोलायच्या खोलीतली खुर्ची

रविवार, दुपारी

चि. चिमणे,
अनेक आशीर्वाद. तर आज आधी आली ती तुझ्या आईच्या सफाईकामावरची मुकादमीण! दारातूनच म्हणते, "आजी, सून आहे का घरात?" म्हटलं, तुम्हीच घरी बसवलीत, आता जाईल कुठे? तोंड एवढंसं झालं तिचं. चहा मात्र दोनदा घेतला.

हो गं, आईचं काम थांबलंय. तुझी परीक्षा होती म्हणून कळवलं नाही. त्या ऑफिसात एक बोलायची खोली आहे. मन जड झालं की तिथल्या बाईंशी जाऊन बोलायचं, फुकट. पण ते कायमच्या लोकांना. ठेकेदाराच्या माणसांनी नुसती फरशी पुसायची. त्या दिवशी आईच्या एप्रनवर फिनेल सांडलं, म्हणून तो काढून ठेवला आणि खुर्ची पुसता पुसता जरा टेकली. तेवढ्यात बाई आल्या. त्यांना वाटलं, आता हिचाच नंबर. म्हणाल्या, "बोला."

आणि तुझी आई बोलली! तुझा बाबा गेल्यापासून घरात हूं नाही की चूं नाही, ती तिथे बोलली, रडली. निघताना बाईंनी ऑफिसचं कार्ड मागितलं आणि सगळं उघडं पडलं. तरी त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली. मला मेलीला त्याचाच आनंद. दुसऱ्या दिवशी काम बंद.

आज मुकादमिणीच्या मागून त्या बाईही आल्या. अगदी पोरसवदा. "चूक माझी, मी विचारलंच नाही," म्हणाल्या. मुकादमीण म्हणाली, "उद्यापासून ये कामावर. पण त्या खुर्चीत बसायचं नाही. मलासुद्धा नाही ती सोय." आई खाली बघून "बरं" म्हणाली, आणि पुन्हा गप्प. फार थकायला होतं गं त्या गप्प बसण्याने.

बाई म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी मी इथे आले तर?" आई कपबश्या उचलायला लागली. मग मीच म्हटलं, या. ती नाही बोलली तर मी बोलेन. तिचा नवरा गेला, तसा माझा लेकही गेला. मला कुणी विचारलंच नाही.

मुकादमीण निघायला उठली, परत बसली. हळूच म्हणते, "मी पण आले तर चालेल का?"

आईने मान वर केली. "या की. पण इथे मुकादमीण म्हणून नाही हं."

पुढच्या रविवारी येतो म्हणाल्यात दोघी.

तुझ्या बाबाची आई