चढावर थांबणारी गाडी

आजरा,
डिसेंबर २००६

प्रिय श्रुती,

सप्रेम जयभीम.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. आण्णांचं बोलायला लागले तशी तू 'आई, ठेवते, बाहेर जायचंय' म्हणालीस. दर रविवारी आण्णांचं नाव निघालं की तुला बाहेर जायचं असतं. म्हणून आज लिहायला बसले आहे. पत्रही अर्ध्यावर ठेवता येतं हे मला कळतं, पण हे ठेवू नकोस. घाबरण्यासारखं काही नाही, निदान आता तरी नाही. मधला महिना मात्र मी कसा काढला ते माझं मला माहीत.

आण्णांनी गाडी घ्यायची ठरवली आहे. साधी गाडी नव्हे, गोल्फ खेळणारे मैदानावर फिरवतात ती बॅटरीची, चारी बाजूंनी उघडी, वर छप्पर असलेली. मागे बेळगावच्या दवाखान्यात गेलो तेव्हा तिथे पेशंटांना अशाच गाडीतून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेत होते. आण्णा त्या गाडीत बसले आणि उतरायलाच तयार होईनात. घरी आल्यावर एकच वाक्य बोलले, 'ही आपल्या बागेत चालंल.' तुला माहीत आहे, मागचं दार उघडलं की काजूची बाग सुरू होते, आणि गेली तीन वर्षं ते त्या दारात बसून ती लांबून बघतात. ती झाडं त्यांनी स्वतःच्या हाताने कलमं बांधून वाढवली. तू पाठवलेली चाकाची खुर्ची घरात छान चालते, पण बागेच्या तांबड्या मातीत दोन हात गेली की रुतते. शेजारचा कृष्णात म्हणाला, 'काका, मी आन् आणखी एक गडी खुर्चीसकट उचलून नेतो.' त्यावर त्यांनी, 'खुर्चीत बसवून माझी मिरवणूक काढायची न्हाय,' म्हणून त्याला गप्प बसवलं. शेती खात्यात नोकरीला असताना तालुक्याचा डोंगर पायी तुडवलेला माणूस.

नवी गाडी आपल्या आवाक्यात नव्हती. कोल्हापुरात गोकुळ शिरगावच्या बाजूला अमरसिंह म्हणून एकजण आहेत, त्यांनी गोव्यातल्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या गाड्या आणून ठेवल्या आहेत असं कृष्णातला समजलं. त्याच्याच सुमोतून आम्ही गेलो. बेळगावच्या गाडीवाल्याला मी आधीच विचारून ठेवलं होतं, जुनी घेताना काय बघायचं ते. रंगाकडे बघू नका, सीट उचलून खाली बघा, असं तो म्हणाला होता. अमरसिंहांनी पहिली दाखवली ती निळी, चकचकीत, नव्या गाद्या घातलेली. 'पावणं, ही डोळं झाकून न्या,' म्हणाले. मी सीट उचलायला लावली. खाली बॅटऱ्यांच्या तोंडाला पांढरी बुरशी चढली होती, दोन तर पोट फुगून बसल्या होत्या. तरी चालवून बघितली. शेडला दुसरा वळसा घालताना तिचा जीव गेला आणि कृष्णातने ढकलत आणली. तेव्हा मला हसू आलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, आपल्याकडच्या उलट. आण्णा प्रत्येक गाडीला उजवीकडून चढून बघत होते. हाताने छपराचा खांब धरायचा, अंग उचलायचं आणि सीटवर टेकायचं. तेवढं त्यांना आता जमतं. उजव्या सीटच्या कडेला पडू नये म्हणून लोखंडी दांडी असते, ती आडवी येत होती. तिला बिजागरी लावून द्याल का, म्हणून त्यांनी विचारलं. मला वाटलं, उजवीकडून चढतील आणि सरकत डावीकडे जातील. पाय तर पेडल दाबायच्या कामाचे नाहीत. अमरसिंहांनाही तेच वाटलं असावं. ते म्हणाले, 'काका, काळजी करू नका. ब्रेकला आन् रेसला दांडा वेल्ड करून देतो, हातानं दाबायचा.' त्यावर आण्णा म्हणाले, 'दांडा नको.' अमरसिंह हसले. 'मग ब्रेक कसा मारणार तुमी?' आण्णांनी मान दुसरीकडे वळवली. 'सांगितलं न्हवं, दांडा नको.'

श्रुती, मला पहिली शंका आली ती तिथे. परतीच्या वाटेवर ती पक्की झाली, कारण निपाणी मागे पडल्यावर आण्णांनी कृष्णातला एकच प्रश्न विचारला. बागेच्या माथ्यावरच्या जुन्या चिऱ्याच्या खाणीच्या कडेला अजून मोकळंच आहे का, की कुणी काही बांधलंय. कृष्णात म्हणाला, मोकळंच हाय. आण्णा 'बरं' म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. ब्रेक नको असलेला माणूस, उतार, आणि ती खाण. माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहीत नाही. तू त्यांची मुलगी आहेस, तुला लिहायची गरज नाही. पहिल्या वर्षी ते मला दोनदा तीनदा म्हणाले होते, की अपघातात त्या वळणावरच सुटलो असतो तर तुम्ही दोघी तरी मोकळ्या झाला असता. मी तुला हे कधी सांगितलं नाही.

पुढचे दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवल्यासारखी वागत होते. शाळेत वर्गावर असले तरी लक्ष घराकडे. मधल्या सुट्टीत घरी धावत यायचे, ते मागच्या दारात बसलेले दिसले की पाणी पिऊन परत जायचे. गाडीचा विषय निघाला की मी दुसरंच काही काढायचे. बुद्धमूर्तीपुढे वंदनेला बसले की तोंडाने शब्द चालू असायचे आणि मन खाणीच्या कडेला. शेवटी त्यांना न विचारता मी गडी लावले आणि खाणीच्या कडेने खांब रोवून काटेरी तार मारून घेतली. मागच्या दारातून खांब ठोकल्याचा आवाज ऐकू येत होता. ते दिवसभर ऐकत बसले. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, 'कुंपण केलंस. चांगलं केलंस.' त्यांच्या तोंडाकडे बघून मला काही उमगेना. मी तुझा नंबर फिरवायला घेतला आणि ठेवून दिला. तुला काय सांगणार होते, आणि तू तिकडे हैदराबादेत एकटी काय करणार होतीस?

गेल्या शनिवारी अमरसिंहांचा फोन आला, आणखी दोन गाड्या तयार झाल्यात म्हणून. जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आण्णा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून दाढी केली होती. त्याचा अर्थ काय लावायचा तेही मला कळेना. माणूस कशासाठी तयार होतो, कोण सांगणार?

शेडच्या मागे एक चढ आहे, वरच्या रस्त्याला जाणारा. खाली त्याचं टोक थेट फाटकात, आणि फाटकाबाहेर हमरस्ता. आण्णा म्हणाले, सपाटीवर कुठलीबी गाडी पळती, चढावर दाखवा. पांढरी गाडी होती. अमरसिंह चालवायला बसले, आण्णा उजवीकडे. मी आणि कृष्णात खाली उभे. गाडी निम्म्या चढावर गेली आणि आण्णांनी त्यांना थांबवून रेसवरचा पाय काढायला सांगितलं. पाय काढला मात्र, गाडी मागे घरंगळायला लागली. आधी हळू, मग एकदम. अमरसिंह ब्रेक दाबत होते आणि ब्रेक लागत नव्हता. कृष्णात फाटक लावायला पळाला. बाहेरून उसाचे ट्रक जात होते. मी जागेवरून हललेच नाही, हलता आलं नाही. आणि मला आण्णांचा आवाज ऐकू आला. 'थांबवा. अहो थांबवा, पडंन मी.' दोन्ही हातांनी त्यांनी खांबाला मिठी मारली होती. शेवटी अमरसिंहांनी स्टिअरिंग फिरवून गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली आणि ती थांबली.

मी पळत गेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, सदरा घामाने भिजला होता. आणि श्रुती, त्यांना इतकं भ्यालेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच मातीत बसून रडायला लागले. जगायचं नसलेला माणूस असा घाबरत नाही. कृष्णातला वाटलं मला लागलंय. अमरसिंह तर हात जोडून उभे होते, 'काकी, माफ करा, सकाळी तपासला हुता ब्रेक.' आण्णांनीच त्यांना चहा आणायला पाठवलं, कृष्णातलाही बरोबर पाठवलं, आणि मला म्हणाले, 'का रडतीस? मी हाय की.'

तेव्हा मी विचारलं. सगळं विचारलं. दांडा का नको म्हणाला, खाणीचं का विचारलं, मी महिनाभर काय समजून जगतेय ते तुम्हाला कळतं का. त्यांनी आधी खांबावरचे हात सोडवले. मग म्हणाले, 'तारा मारल्यास तवाच कळलं मला, तुझ्या मनात काय हाय ते. माझ्याबी मनात आलं हुतं, न्हाय असं न्हाय. पयल्या वर्षी. आता न्हाय.' मी म्हटलं, 'मग दांडा?' ते म्हणाले, 'दांडा कशाला? मी कुठं चालवणार हाय? मी उजवीकडं बसणार. खाणीपाशी गाडी वळवायला जागा मोकळी हाय का, तेवढं बघायचं हुतं. चालवणारी या गाडीला नवी असणार.' मी विचारलं, 'चालवणारी कोण?' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फार बावळट प्रश्न विचारला. 'मी एकीलाच शिकवलंय गाडी चालवायला.'

चहा झाल्यावर शेवटची गाडी बघितली. मातकट रंगाची, गाद्या उसवलेल्या, छपराला ओरखडे. सीट उचलली तर बॅटऱ्या सगळ्या एकाच वेळी बदललेल्या, तोंडं स्वच्छ. चढावर नेली, पाय काढला. गाडी जरा हलली आणि जागच्या जागी उभी राहिली. मोटरच तिला धरून ठेवते म्हणे. उताराला सोडली तरी सुसाट सुटत नाही, आपली चालीनं उतरते. अमरसिंहांनी पुन्हा पुन्हा करून दाखवलं. आण्णांनी आधी कृष्णातला बसवून बघितलं, मग स्वतः बसले. त्यांचे हात खांबावर घट्ट होते, भीती अजून गेली नव्हती, तरी बसले. उतरल्यावर अमरसिंहांना म्हणाले, 'हीच. दांडीला बिजागरी लावून ठेवा. पर ताबा आत्ता घेत न्हाय. चालवणाऱ्यानं चालवून बघितल्याबिगर गाडी घ्यायची नसती.' अमरसिंह म्हणाले, 'चालवणारं कुठं हायत?' आण्णा म्हणाले, 'हैदराबादला.'

आता खरं लिहिते. त्या दिवशी गडहिंग्लजच्या वळणावर गाडी तू चालवत होतीस, आणि त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस, हे आम्हाला माहीत आहे. ट्रक चुकीच्या बाजूने आला हेही सगळ्यांना माहीत आहे, तुलाही. दवाखान्यात आण्णा तुझ्याशी बोलले नाहीत, ते तुझ्या मनात रुतून बसलं. पण ते तेव्हा कुणाशीच बोलत नव्हते, माझ्याशीही नाही. तू निघून गेलीस, तिकडून एकेक वस्तू पाठवत राहिलीस, आणि मीही तुला ये म्हटलं नाही, कारण तुम्हा दोघांना एका खोलीत बघायची मलाच भीती वाटायची. अजून वाटते. तू त्यांना घेऊन तो चढ चढशील तेव्हा मी खाली उभी राहून बघू शकेन की नाही, मला सांगता येत नाही. तरी ये. आठ दिवसांची रजा काढ, आधी कोल्हापुरात उतर, गाडी चालवून बघ, आम्ही तिथे असू. हे मी फोनवर सांगणार होते, पण आण्णांनी अडवलं. म्हणाले, 'फोनवर ती न्हाय म्हणंल आन् ठेवंल. लिही तिला. न्हायच म्हणायचं असंल तर हितं येऊन, माझ्या शेजारी बसून म्हण म्हणावं.'

वाट बघणारी,
तुझीच,
आई