टिटवी घरी पोचण्याआधी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, नाट्यगृहाच्या कपडेपटाची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मला कोणी फूस लावलेली नाही, मला कसला भ्रम नाही. मत्सर आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे लिहायची गरज नसते. पण खरं लिहायलाच बसले आहे तर सगळंच लिहिते. याआधी केलेला कच्चा खर्डा रद्द समजावा. तो का रद्द केला ते पुढे येईल.

डॉक्टरांच्या अंदाजानं हा उन्हाळा माझा आहे. ‘टिटवी’चा शेवट हिवाळ्यात येणार आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, टिटवी हे अंतराळातल्या एका मालिकेतलं जहाज. ते वाट चुकतं, घर शोधत फिरतं, आणि ऐन मोक्याच्या जागी ती मालिका बंद पडली, त्याला पन्नास वर्षं होत आली. आता कोणीतरी ती पुरी केली आहे. जहाज घरी पोचतं की नाही ते सगळ्यांना कळेल, मला कळणार नाही. माझ्या मत्सराचं मुख्य कारण हे. बाकीची कारणं जुनी आहेत, तीही येतीलच.

कलम एक. राहत्या जागेतला माझा अर्धा हिस्सा माझे पती (यापुढे ‘हे’) यांना मिळावा. जागा विकायची झाली तर शिवणखोलीच्या भिंतीतली टाचण्यांची भोकं आधी बुजवावीत. बँकेत जे काही उरेल तेही यांनाच. त्यातून यांच्या चष्म्याच्या दुकानासाठी पाठ असलेली खुर्ची घ्यावी. आयुष्यभर स्टुलावर बसून कंबर धरते आणि शेक मी द्यायचा, ही सोय आता संपली.

कलम दोन. शिवणयंत्र आणि कात्र्या नाट्यगृहात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्याव्यात. या बाई राजकन्येच्या झग्याला चेन लावतात. नाचताना ती चमकते आणि शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसते. हुक लावायचा त्यांना कंटाळा. त्यांनी मोठ्या कात्रीनं कागद कापल्याचं आढळलं तर ती काढून घेण्याचा अधिकार मी नाट्यगृहाच्या दिवेवाल्यांना देते. ते कोणाची भीड ठेवत नाहीत.

कलम तीन. माझे थोरले बंधू वर्तमानपत्रात मैफलींवर लिहितात, आणि टिटवीला पोरखेळ म्हणतात. माझ्याकडची सगळी प्लास्टिकची परग्रहवासी मंडळी त्यांना मिळावीत. ती दर्शनी खोलीत, तानपुऱ्याशेजारी मांडावीत, हिरवा तीन डोळ्यांचा पुढे. उलट टिटवी-चाहत्यांच्या मंडळाचे चिटणीस शास्त्रीय गाण्याला झोपेचं औषध म्हणतात. विलंबित ख्यालांच्या सगळ्या तबकड्या त्यांना द्याव्यात. या दोघांनी मला जन्मभर एकाच प्रश्नानं पिडलं, की नक्की तुला आवडतं तरी काय. मला दोन्ही आवडतं. एका डगरीवर हात ठेवायला मला कधी जमलं नाही आणि जमवावंसं वाटलंही नाही.

कलम चार. कॅप्टनचा कोट. इथे जरा पाल्हाळ होईल, वकीलबाईंनी सोसावं.

हे आणि यांची बहीण, म्हणजे माझी नणंद, एकाच चादरीत पाय खुपसून टिटवी बघत मोठी झाली. ती दातांची डॉक्टर आहे, पण घरात आणि दारात सगळे तिला धाकटी म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा जेवताना ही दोघं त्यातली वाक्यं एकमेकांवर फेकायची आणि ठसका लागेपर्यंत हसायची. मी वाढत असायचे. अर्थ विचारला तर हे म्हणायचे, ते बघावंच लागतं, सांगून कळत नाही.

मग मी दुपारी, झग्यांना हुक लावता लावता, सगळ्या कॅसेटी बघून काढल्या. बघायला बसले जळफळाटानं आणि पुरती अडकले. एकदा जेवताना धाकटीनं कुठल्याशा चंद्राचं नाव चुकीचं सांगितलं. मी आमटीतला डाव न काढता ते दुरुस्त केलं. दोघं गप्प झाली. ती शांतता मला अजून गोड लागते.

पण धाकटीही काही कमी नाही. मी तिच्या राज्यात शिरले तशी ती माझ्यात शिरली. माझ्याकडे नृत्यनाट्यं होती, पडद्यामागची जागा होती. तिथे ती यांच्याबरोबर आली आणि पहिल्याच अंकात ढसाढसा रडली. प्रमुख नर्तकीनं स्वतः बाहेर येऊन तिचा हात हातात घेतला. त्याच नर्तकीच्या चोळ्या मी वर्षानुवर्षं उसवून पुन्हा शिवत होते, माझा हात तिनं कधी धरला नव्हता. आणि माझ्या शेजारी बसून घोरणारे हे, बहिणीशेजारी टक्क जागे होते.

आता कोट. राजाचा एक निळा मखमली झगा मोडीत निघाला, त्याचा मी कॅप्टनचा कोट केला. चाहत्यांच्या मेळाव्यात वेश करून जायची पद्धत आहे. कोटाची मापं माझी होती, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. गुंड्या लावायच्या राहिल्या होत्या तेवढ्यात धाकटी आली, गंमत म्हणून तिनं तो अंगात घातला, आणि हे म्हणाले, अगदी हुबेहूब कॅप्टन. मी गुंड्या लावल्या त्या तिच्या मापानं. तिला बक्षीस मिळालं. तिनं मंचावरून मोठ्यानं सांगितलं की कोट वहिनीनं शिवलाय, आणि सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. मला त्या क्षणी तिच्या मनाच्या मोठेपणाचाही राग आला.

तर हा कोट तिला मिळू नये, असा माझा बेत होता. वकीलबाईंकडून मला कळलं होतं की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातून काही मिळत नाही. मी लगेच खर्ड्यात कोट तिच्या नावे लिहिला आणि म्हटलं, मग साक्षीदार आमची धाकटी. अशानं तिचा मानही राहणार होता आणि हातही रिकामा. सापही मरतो, काठीही तुटत नाही.

ती आली. दवाखाना बंद करून, स्वतःचं पेन घेऊन आली. हे खिडकीशी चष्मा पुसत होते. सही होण्याआधी मी दोघांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की हिवाळ्यात टिटवी कुठे बघणार.

यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “बघणार तर आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?”

धाकटीनं पेनाचं टोपण पुन्हा लावलं. “मी नाही बघणार, वहिनी. तुम्ही नसताना त्यावरून भांडू कोणाशी?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे वाक्य यांनी बोलायचं होतं. संसार यांच्याबरोबर केला आणि वाक्य तिनं बोलावं? शिवाय पुढचं मला लख्ख दिसलं. नणंदेनं भावजयीसाठी शेवट सोडला, असं जो तो म्हणणार. मंडळाचे चिटणीस त्यावर भाषण करणार. माझ्या मरणातही धाकटीच भाव खाऊन जाणार.

आणि आणखी एक दिसलं. हे एकटे बसले आहेत. एखादं जुनं वाक्य येतं, हे ते फेकायला शेजारी वळतात, आणि तिथे कोणी नाही. ही दोघं एकत्र बसलेली मला आयुष्यभर खुपली. पण हे एकटे बसलेले मला क्षणभरही बघवेनात. मी धाकटीच्या हातून पेन काढून घेतलं आणि म्हटलं, तुझी सही नको, तू घरी जा. ती बिचारी रडत गेली. तिला वाटलं मी रागावले. रागावले होतेच.

सबब, कोट धाकटीला मिळावा. अटी अशा: तिनं टिटवीचा शेवट बघावा, यांच्याबरोबर बघावा, माझ्या जागेवर बसून बघावा. वहिनीसाठी त्याग वगैरे करू नये, केल्यास कोट बंधूंकडे जाईल. वकीलबाई म्हणतात, असली अट कोर्टात टिकणार नाही. धाकटी कोर्टात जाणार नाही, हे मला माहीत आहे.

कलम पाच आणि शेवटचं. कपडेपटात असताना मी त्याच त्या राजकन्येला शेकडो वेळा मरताना बघितलं, सुई हातात धरून, विंगेतून. शेवट पाठ असूनही दर वेळी डोळे भरायचे. म्हणून मी ऐटीत सांगायचे, शेवट माहीत असण्या-नसण्यानं काही बिघडत नाही. ते खोटं आहे. फार बिघडतं.

तेव्हा शेवट बघून झाल्यावर दोघांनी असं करावं. तो रटाळ निघाला, ओढूनताणून केलेला निघाला, तर माझ्या फोटोसमोर बसून मला इत्थंभूत सांगावं, एकही चूक गाळू नये. पण तो चांगला निघाला, टिटवी घरी पोचली आणि तुम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडलात, तर मला काहीही सांगू नका. मला ते सोसणार नाही.

हे सारं मी वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही करते.

सही: लिहून देणारी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली आणि ज्यांना यातून काही मिळत नाही:
१. तळमजल्यावरचे घड्याळवाले
२. सकाळपाळीच्या नर्सबाई

स्थळ: शिवणखोली
दिनांक: अकरा मे, रविवार