दुसऱ्या थरातलं वाक्य

ड्रेस्डेन,
२१ ऑगस्ट २०१६

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहायला हात आपोआप वळला होता, पण तो नमस्कार वहिनीला सांग. तुझ्यासाठी काय लिहायचं ते पत्राच्या शेवटापर्यंत सुचलं तर बघू.

इकडे सगळे मजेत. सत्यजितच्या कंपनीत नेहमीसारखी धावपळ. इराची शाळा सुरू झाली. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती मला जर्मनमध्ये उत्तर देते आणि आमचं छान चाललंय. तुमच्याकडे पाऊस बरा झाला असं कळलं. तुझा मेसेजही मिळाला. "आईचं वर्षश्राद्ध सप्टेंबरात आहे. तुझा सीझन असेल तर राहू दे." फोनच करणार होते, पण फोनवर मी रडले असते आणि तू "बरं बरं, ठेवतो" म्हणाला असतास. म्हणून पत्र.

आधी माझ्या सीझनबद्दल लिहिते, कारण तो शब्द तू सगळ्या नातेवाइकांत फिरवला आहेस. आल्टेनबर्गच्या वर, चेक सरहद्दीला लागून, दलदलीचं उघडं माळरान आहे. इथे त्याला मूर म्हणतात. एप्रिलपर्यंत तिथे बर्फ असतो आणि ऑक्टोबरात पुन्हा धुकं उतरतं. मधल्या महिन्यांत आम्हा पुरातत्त्ववाल्यांनी काय खोदायचं ते खोदून घ्यायचं. काही शतकांपूर्वी लोक तिथे ओढ्याचं पाणी वळवून वाळू धूत आणि त्यातून कथील काढत. आई तांदूळ रोळायची ना, पाण्यात हलवत हलवत, आणि खडे तळाशी राहायचे, तसंच. फक्त इथे तांदूळ वाहून जाऊ द्यायचे आणि खडे ठेवायचे. धुतलेल्या वाळूचे त्यांचे ढीग अजून तिथे आहेत, वर गवत माजलंय. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "कथील म्हणजे आपल्या कल्हईचंच ना गं? म्हणजे जर्मनीत जाऊन तू कल्हईवाली झालीस की!" आणि स्वतःच किती वेळ हसत बसली होती.

तू हसला नव्हतास. "एवढं शिकून चिखल उपसायला गेली," हे तुझं वाक्य. मला आठवतं, मी ते कुठे ऐकलं तेही आठवतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुझ्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. तू तारीख कळवलीस आणि मी म्हणाले, "दादा, सीझनमध्ये काही झालं तरी हलता येणार नाही." खोदकाम नुकतंच सुरू झालं होतं, माझं काँट्रॅक्ट नवं होतं. तुला राग आला. येणारच. एकुलती बहीण, आणि वास्तुशांतीला नाही. मी सॉरी म्हणाले, वहिनीला वेगळा फोन केला, आईने माझी बाजू घेतली. माझ्या दृष्टीने तो विषय तिथे मिटला होता.

मग सप्टेंबर आला. तू म्हणालास, आई हवापालटाला शुभामावशीकडे गेलीय, व्हिडिओवर तिथूनच बोलेल. ती बोललीही. शाल पांघरलेली, मागे हिरवा पडदा. मी विचारलं, मावशीने पडदे कधी बदलले? आई म्हणाली, "हो गं, बदलले." मातीचा रंग बोटभर बदलला तर मी पन्नास जणांचं काम थांबवते, आणि हॉस्पिटलचा पडदा मला ओळखू आला नाही!

तुझा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. "उरकलं" हा तुझाच शब्द. मी विचारलं, मला आधी का नाही कळवलंस? तू म्हणालास, "आईनेच बजावलं होतं, तिला कळवू नका, तिच्या कामात व्यत्यय नको." मी ते मानलं. आई असं म्हणणारी होतीच. आपल्याकडे परदेशातल्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत, उगाच जिवाला घोर नको म्हणून. त्यात सगळेच सामील असतात, एकट्या तुझ्यावर काय रागवायचं, असं मी स्वतःला समजावलं.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. मी यातलं काही मानत नाही, तूही मानत नाहीस, तरी आपण दोघं उन्हात त्या पिंडाकडे बघत उभे होतो. मी म्हणाले, आई, मी आलेय. कावळा झाडावरच. वहिनीने नातवंडांचं सगळं नीट करू म्हणून सांगितलं. तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा लावला, आणि घरी येताना रिक्षात तू मला म्हणालास, "तुझ्यामुळे अडलं होतं." हे वाक्य घेऊन मी परत आले आणि वर्षभर ते घेऊनच मूरवर गेले. रोज, दादा.

आता गेल्या रविवारचं सांगते. स्पृहा येनाच्या युनिव्हर्सिटीतून आली होती. तुझी लेक गुणी आहे, थोडी वाळलीय, हॉस्टेलचं जेवण तिला रुचत नाही. मी तिला कामावर घेऊन गेले. सध्या आम्ही एक लाकडी पन्हळ उघडी करतोय, अख्खं झाड पोखरून केलेली. दलदलीत हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही, कुऱ्हाडीचे घावसुद्धा दिसतात. मी कुणाशी तरी बोलत होते तेवढ्यात ही खड्ड्यात उतरली आणि तळातून खापराचा एक तुकडा उचलून, "आत्या, हे बघ!" म्हणत वर आली. आमचा प्रमुख क्रेमर तसा गरीब माणूस, पण तो असा ओरडला की पोरगी पांढरीफटक पडली.

मी तिला जवळ घेतलं आणि समजावलं. म्हटलं, अगं, तुकडा खरा आहे. पण तो कुठल्या थरात होता ते गेलं की तो कुठल्याही काळाचा म्हणून खपवता येतो. म्हणून तो जिथे आहे तिथेच आधी बघायचा असतो.

दुपारी आम्ही वाळूच्या ढिगावर डबा उघडून बसलो. पोळीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. म्हणाली, "आत्या, सीझनमध्ये काही झालं तरी हलता येणार नाही, असं तू कधी म्हणाली होतीस?"

म्हटलं, तुमच्या वास्तुशांतीच्या वेळी.

"आजीच्या वेळी नाही?"

दादा, तिने सगळं सांगितलं. तिला काही बोलू नकोस. बोललास तर मला कळेल. आई हॉस्पिटलमध्ये रोज विचारत होती, अहिल्या कधी येतेय? आणि तू तिच्या उशाशी बसून सांगितलंस, "तिला सगळं कळवलंय. ती म्हणाली, सीझनमध्ये काही झालं तरी हलता येणार नाही." वर हेही सांगितलंस की तिला अपराधी वाटतंय, तू मावशीकडे आहेस असंच धरून ती बोलेल, व्हिडिओवर तू विषय काढू नकोस, पडद्याचं विचारलं तर मावशीकडचा म्हण. फोन धरायला स्पृहाला उभं केलंस. आईने विषय काढला नाही. मला त्रास नको म्हणून!

वाक्य माझंच होतं, शब्दन् शब्द माझा. मी ते तुझ्या वास्तुशांतीबद्दल बोलले होते आणि तू ते आईच्या मरणावर आणून ठेवलंस. क्रेमर स्पृहावर ओरडला. तुझ्यावर ओरडणारं कुणी नव्हतं.

आईशी माझं शेवटचं बोलणं त्याच हिरव्या पडद्यापुढचं. ती म्हणाली, "तुझं काम आहे, मला कळतं गं. मी काही मनात ठेवलेलं नाही." मला वाटलं, वास्तुशांतीबद्दल बोलतेय. मी म्हणाले, "आई, अजून तेच काय घेऊन बसलीस? सोड ना!" आणि हसून तिला पन्हळीचं पहिलं टोक दिसलं ते सांगत बसले. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "जेवत जा वेळेवर." मरणाच्या दारात ती मला माफ करत होती, आणि मी तिला "सोड ना" म्हणाले.

तू तिचं सगळं केलंस. औषधं, अंगपुसणं, जागरणं. मी केलं नाही, करू शकले नाही, आणि हे मी जगासमोर कबूल करीन. तुला एकट्याला पडलं, त्याचा राग होता, तो माझ्यावर काढायचास. मला शिव्या द्यायच्यास. तिच्याकडून माझी शेवटची भेट का काढून घेतलीस? मला कळवलं असतंस तर मी त्या संध्याकाळी विमानात असते. चिखलाचे बूट घालून आले असते.

वर्षश्राद्धाला मी येतेय. क्रेमरला सांगून झालंय. त्याने कारण ऐकलं आणि "गेनाऊ, बरोबर आहे, जायलाच हवं" एवढंच म्हणाला. सीझनमध्ये हलता येतं, बघ.

त्या दिवशी पान वाढून झालं की आईच्या फोटोसमोर, वहिनी आणि शुभामावशीच्या देखत, तू मोठ्याने सांगायचंस, "आई, अहिल्याला काही माहीत नव्हतं. मी तिला कळवलंच नव्हतं." मग पान बाहेर कावळ्याला ठेव.

मी सांगू शकत नाही असं नाही. पण माझ्या तोंडून ते तिला सारवासारव वाटेल. तिने विश्वास तुझ्यावर ठेवला होता, म्हणून सांगावं तुलाच लागेल.

तुझ्यासाठी काय लिहायचं ते शेवटपर्यंत सुचलं नाही.

आईची,
अहिल्या