जूनमधली मोजणी

केसॉन सिटी,
रविवार, १ फेब्रुवारी

आदरणीय तातांग मेल्चोर,

इथूनच आशीर्वादासाठी तुमचा हात कपाळाला लावते. गुडघा कसा आहे? पहाटेच्या गारव्यात बांधावरून चालू नका म्हटलं तरी तुम्ही चालणारच, म्हणून नुसतं विचारते. मी बरी आहे. बागियोला आईही बरी आहे. यंदा तिच्या परसात स्ट्रॉबेरी इतकी आली की शेजाऱ्यांना वाटून वाटून दमली म्हणे.

तुमचं पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र बुधवारी मिळालं. आज रविवार असून मी बांतिगेला आले नाही. तुम्ही होडी धुऊन ठेवली असेल, वाट पाहून पुन्हा खुंटाला बांधली असेल. मागच्या रविवारीही आले नव्हते. दोन्ही वेळा सर्दीचा निरोप पाठवला. सर्दी नव्हती.

पक्षिनिरीक्षण क्लबची मंडळी आली असतील. दितासनं मोठी दुर्बीण तिवईवर लावून तुम्हाला पुन्हा डोळा लावायला सांगितलं असेल आणि तुम्ही पुन्हा म्हणाला असाल, "याच्यात काय पाहायचं, पोरी? हे लेकाचे कुणाच्या तळ्यात हगतायत ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं." ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते. मनानं चांगली आहे. तिच्याशीही मी खोटं बोलले आहे, पण ते पुढे.

तुम्ही पत्रात एकच गोष्ट मागितलीत. बारा तारखेला नगरसभागृहात सुनावणी आहे, तिथे यायचं, तुमच्या बाकावर बसायचं आणि सांगायचं की माझी मोजणी चुकीची होती. त्या मोजणीवरच आमच्या ऑफिसच्या अहवालात लिहिलं गेलं, 'तळ्यांमध्ये पक्ष्यांचं उल्लेखनीय वास्तव्य आढळलं नाही.' आणि त्या वाक्यावर भराव घालणाऱ्यांनी मासळीची तळी बुजवायची, तेवीस घरं हलवायची परवानगी मागितली आहे. तुमचं घर त्यातलं नववं. तुम्ही लिहिलंय, "तू नवखी होतीस, इनेंग, लेकी. डोंगरातली पोर, तुला खाऱ्या पाण्यातलं काय ठाऊक? तुला फसवलं त्यांनी. एवढंच सांग, बाकीचं आम्ही बघतो."

हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला.

नवखी होते, हे खरं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली. आमचे सर बेंजी म्हणाले, "झाडं मोजतेस ना? मग पक्षी मोज. ते तर ओरडून सांगतात, आम्ही इथे आहोत." सगळं ऑफिस हसलं, मीही हसले. दुर्बीण ऑफिसची, तिच्या एका काचेत बुरशी. पक्ष्यांचं पुस्तक मी बसमध्ये चाळलं. चिमण्या मोजायच्या असतात की नाही, तेही ठाऊक नव्हतं, म्हणून मोजल्या नाहीत. दोन दिवसांत चौदा पक्षी झाले. नऊ बगळे, चार ढोकऱ्या, एक खंड्या. खंड्या सापडला तेव्हा मी होडीत उभी राहिले आणि तुम्ही ओरडलात, "बस खाली! तो उडेल आणि तू बुडशील, मग मला पंधरावा मोजावा लागेल."

इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे. सुनावणीत इथपर्यंत सांगितलं असतं तर सगळ्यांनी माझी कीव केली असती.

पण पहिल्याच दिवशी दुपारी, भात आणि सुका मासा माझ्यापुढे सरकवताना, तुम्ही मला विचारलंत, "कशाला आलीस खरं सांग." मी म्हटलं, पक्षी मोजायला. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. म्हणालात, "अगं, लग्न डिसेंबरात आणि तू पाहुणे मोजायला जूनमध्ये आलीस? मांडव मोकळाच असणार की. सप्टेंबरात ये. बसायला चिखल पुरत नाही त्यांना."

तुम्ही हे विसरला असाल. तुमच्या लेखी ती थट्टा होती. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, तारखेसकट. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं आता म्हणता येत नाही. मला पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजल्यापासून माहीत होतं.

मसुद्यात मी ती ओळ घातली होती. पान एक्केचाळीस. 'स्थानिकांच्या सांगण्यानुसार सप्टेंबर ते एप्रिल या काळात संख्या पुष्कळ वाढते. त्या काळात पुन्हा पाहणी करावी.' मग ती ओळ गेली. दितासला मी कधी हे सांगितलं असतं तर म्हणाले असते की सरांनी काढली. मनाशीही तसंच म्हणत आले. तसं झालं नाही. सरांनी त्या ओळीखाली बोट ठेवून फक्त विचारलं, "लिगाया, सांगणारा कोण?" मी म्हटलं, होडीवाला. ते म्हणाले, "बरं. तुझं नाव जायचंय याच्यावर. तूच ठरव." आणि चहा प्यायला गेले. ते परत येईपर्यंत मी ओळ पुसली होती. त्यांनी सांगितलं असतं तर आज त्यांच्यावर दात तरी खाता आले असते.

ऑगस्टमध्ये अहवाल गेला. सप्टेंबरात मला कायम केलं. चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा टेबलावर माझ्या नावाची पाटी आली.

आणि ऑक्टोबरात मी तुमच्याकडे आले. का आले, ते धड सांगता येत नाही. तुमचं बोलणं खोटं निघावं म्हणून आले असेन. तुम्ही नवव्या तळ्याचं पाणी उतरवलं होतं. मला वाटलं चिखलच सळसळतोय. तुम्ही वल्हं पाण्यावर आपटलंत आणि तो सगळा चिखल उडाला. आभाळात वळला, पांढरा झाला, पुन्हा वळला, दिसेनासा झाला. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "आता मोज." मी रडले तेव्हा तुम्हाला वाटलं, आनंदानं.

त्यानंतरचे रविवार तुम्हाला माहीतच आहेत. तुम्हीच शिकवलंत, पायांवरून ओळखू नकोस, पाय चिखलात असतात, खाण्यावरून ओळख. तुतारी पक्षी शिवणयंत्रासारखा टोचत जातो. चिखल्या दोन पावलं धावतो आणि सासू दिसल्यासारखा थबकतो. उंच टांगांच्या शेकाट्याला ओळखायला तर काही लागतच नाही. चार महिने मी तुमच्या होडीत बसले, तुमचा मासा व्हिनेगरमध्ये बुडवून खाल्ला आणि तुम्हाला सांगितलं नाही की कागद केव्हाच गेलाय. दितासनं एकदा विचारलं, "तुझी इथली पहिली मोजणी कधीची गं?" मी म्हटलं, ऑक्टोबरची. तुम्ही मागे वल्हवत होतात. तुम्ही ऐकलंत. वल्हवतच राहिलात. मला वाटतं, तुम्ही तेव्हाही माझ्यासाठी काहीतरी भलं कारण शोधून काढलं असेल.

मग जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतर, चॅपलच्या दारावर सुनावणीची नोटीस लागली आणि खाली माझं नाव होतं. तरी तुम्ही लिहिता, तुला फसवलं.

रागवायचं तर मलाही पुष्कळांवर रागावता येईल. तुमचा जावई भरावाच्या ट्रकवर चालक म्हणून लागलाय, तो रोज तुमच्याच ताटात जेवतो. गावप्रमुखानं जुलैतच मान डोलावली. त्यांना कुणी पेन्सिलीनं पत्र लिहिलं का? पण ते जाऊ दे. त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही पक्षी दाखवले नव्हते.

आईच्या औषधपाण्यासाठी नोकरी हवी, असं लिहिता आलं असतं. आई ठणठणीत आहे, हे वर लिहूनच बसले. नोकरी मला माझ्यासाठी हवी आहे. ही खोली, ती पाटी, ऑफिसात शिरल्यावर पहारेकऱ्याचं "गुड मॉर्निंग, मॅम". एवढ्यासाठी तेवीस घरं गेली, असं कुणी म्हटलं तर ते खरंच आहे.

आता बारा तारखेचं. मी येणार आहे. पण ऑफिसच्या व्हॅनमधून, सर बेंजींबरोबर. पक्ष्यांचा भाग मीच वाचून दाखवायचा आहे. चौदा पक्षी. वाक्य खोटं नाही, मी चौदाच पाहिले होते. महिना मात्र अहवालात कुठेच नाही; 'पाहणीच्या काळात' एवढंच आहे. क्लबची जानेवारीची मोजणी 'हौशी लोकांचं काम' म्हणून आधीच बाजूला ठेवली आहे. तिथे चालतो तो माझा कागद, कारण माझ्या नावापुढे परवान्याचा क्रमांक आहे.

मी स्वतःहून उठून काही सांगेन, अशी वाट पाहू नका, तातांग. गेले चार दिवस आरशासमोर उभी राहून बोलून पाहिलं. जमत नाही. मी स्वतःला आता ओळखते.

पण शेवटी गावकऱ्यांना प्रश्न विचारता येतात, माणशी एक. भाषण करू नका. पक्षी कुठून येतात, किती येतात, यातलं काहीही बोलू नका. लगेच "आजोबा, बसा" म्हणतील. मी शपथेवर असेन. माझ्याकडे बोट दाखवून एवढंच विचारा: "जूनमध्ये माझ्या होडीत बसून तू मासा खात होतीस, तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं?"

हे विचारलंत की मी नवखी होते, मला फसवलं, हे तुमचं म्हणणं तिथेच संपेल. माझ्यासाठी ते राखून ठेवू नका. विचारलंत तर उत्तर देईन, सगळं, त्या पुसलेल्या ओळीसकट. नाही विचारलंत तर अहवाल वाचून खाली बसेन आणि परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये सगळ्यांबरोबर डबा खाईन.

माझी दया आली, तरी विचारा.

जे स्वतः करायला हवं, ते सत्तरीच्या माणसावर टाकणारी,
लिगाया दुमलाओ