सोमवारचा खोका

लेवेंत,

आज सकाळी लॅबच्या टेबलावर तू नारुकोच्या, त्या गरम झऱ्यांच्या गावच्या, मिठाईचा खोका ठेवलास. फिरून आलं की सोमवारी सगळ्यांसाठी खाऊ ठेवायचा, ही आमची रीत तुला मीच शिकवली. "परदेशी संशोधक, पण आपल्यापेक्षा जपानी!" म्हणून सगळे तुझं कौतुक करतात.

तीन वर्षं सेंदाईतला एकही रविवार आपण घरी काढला नाही. यामादेराच्या डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांवर माझ्या टाचा सोलवटल्या, तेव्हा तू मला पाठुंगळी घेऊन उतरलास. पण खोका तू एकट्यानेच ठेवायचास. एकाच गावचे दोन खोके दिसले असते, तर आपलं सगळ्यांना कळलं असतं आणि तुझ्या नोकरीच्या मुदतवाढीत माशी शिंकली असती. सर म्हणायचे, "एकटाच काय भटकतोस रे? एखादी पोरगी बघ की!" सगळे हसायचे. मीही हसायचे आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "अय्या, किती छान! मी अजून गेलेच नाहीये तिकडे."

काल तू म्हणालास, "या वेळी एकटा जातो, डोकं शांत करायचंय." म्हटलं, जा बाबा.

आज मी खोका उघडत होते, तेवढ्यात वसंतात कामाला लागलेली ती अयाने नावाची पोरगी वाकून म्हणाली, "अय्या, किती छान! मी अजून गेलेच नाहीये तिकडे."

तू तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाहीस. तीन वर्षं लॅबमध्ये माझ्याकडेही अगदी असंच पाहिलं नाहीस.

मिठाई चांगली होती. सगळ्यांदेखत दोन खाल्ल्या.

तुझ्या वाक्याची पहिली मालकीण,
चिगुसा