दादाच्या गिटारवर सह्या

३ मार्च, संध्याकाळ
आणि शाई वाळेपर्यंत गिटार आडवी धरून ग्रीनरूमबाहेरच्या जिन्यात वीस मिनिटं उभा. लोक वळसा घालून जात होते. ड्रमरने सही जरा मोठी केली, भोकापासून पार कडेपर्यंत. हरकत नाही. मोठी माणसं.
एक झाली, चार बाकी. दादाने आयुष्यभर ज्यांच्या मागे बसून साथ केली, त्या पाचही जणांच्या सह्या त्याच्याच गिटारवर. मग ती त्याच्या हातात ठेवायची. आठवड्याचं काम.

५ मार्च
वहिनीचा फोन. भावजी, गिटार कधी आणताय? डॉक्टर म्हणालेत, बोटं अजून महिना-दीड महिना साथ देतील, मग हातातली ताकद जाईल. लग्नाआधी दादाने तिच्यासाठी एक चाल बांधली होती. ती एकदा वाजवून फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचीय. कुठे लिहिलेली नाही. त्याला स्वरलिपी लिहिता येत नाही.
म्हटलं, आणतोच.
सरप्राइज फोडलं नाही. स्वतःवर माझा चांगला ताबा आहे.

९ मार्च
दुसरी सही. बासरीवाले. त्यांनी विचारलं, तुम्हीही वाजवता? म्हटलं, अधूनमधून. दादाने अकरा वर्षांपूर्वी कार्यक्रम सोडले, तेव्हा मला शिकण्यासाठीच ही गिटार दिली होती. दोन कॉर्ड येतात. तिसरी येतच होती.
संकल्प: उद्यापासून रोज अर्धा तास रियाज.
रद्द. वाजवताना हात सहीवर घासतो.

१४ मार्च
गिटार दुरुस्तीवाल्याकडे. त्याने सह्या पाहिल्या आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाला, साहेब, ही वाजवायची की भिंतीवर टांगायची, एकदा काय ते ठरवा. म्हटलं, दोन्ही. म्हणाला, मग वरून लॅकर मारावं लागेल, नाहीतर आठ दिवसांत मनगटाखाली सगळं साफ. तेही सगळ्या सह्या झाल्यावर. आणि मारल्यावर तीन आठवडे हात लावायचा नाही.
तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

२२ मार्च
दादाने स्वतः फोन केला. आवाज चांगला होता. म्हणाला, छोट्या, विकून खाल्लीस का गिटार? हसलो. दुसरी आणून देऊ का, असं मोकळ्या मनाने विचारलं. म्हणाला, नको रे, नव्या गिटारशी ओळख करून घ्यायला आता वेळ नाही. मग म्हणाला, आज शर्टाची बटणं हिने लावली.
विषय बदलला. त्याला उमेद हवी आहे. ती सह्या देतील.

२ एप्रिल
तिसरी आणि चौथी एकाच कार्यक्रमात. उरल्या गायिका बाई. त्या दौऱ्यावर, पंधरा दिवसांनी येतील.
चारवर थांबावं का? पण पाचवी नसली तर दादाला चुकल्याचुकल्यासारखं होईल. त्याच्यासाठीच थांबतोय.

१९ एप्रिल
बाईंच्या घरी. त्यांनी गिटार मांडीवर घेतली. तो कसा आहे, विचारलं. सांगितलं, बोटांचंही सांगितलं. म्हणाल्या, मग ही इथे काय करतेय? पेन मला परत दिलं. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता ने. माझी गाडी खाली आहे, ड्रायव्हर सोडेल तुला.
कलाकार लहरी असतात. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला दुरुस्तीवाल्याचा पत्ता सांगितला. चार सह्याही काही कमी नाहीत. आणि लॅकरशिवाय नेणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

११ मे
लॅकर उत्तम वाळलं. तोंड दिसतं त्यात.
वहिनीने दार उघडलं, बाजूला झाली. दादाने सह्या एकेक करून वाचल्या. ड्रमरच्या सहीला हसला. म्हणाला, हा अजून जागेत मावत नाही. मग गिटार मागितली. मी मांडीवर ठेवली. बोटंही मीच तारांवर ठेवली. तार दाबली गेली नाही. नुसती खरखर. तीनदा. वहिनी फोन धरून उभी होती.
गुणगुणून दाखव म्हटलं. म्हणाला, ती गळ्यात नाही, बोटांत आहे.
मग म्हणाला, मी कॉर्ड सांगतो, तू धर. पहिल्या दोन धरल्या. तिसरी त्याने दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा हळू. मग म्हणाला, राहू दे.
वहिनीने रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाली, भावजी, जेवून घ्या. उशीर झाला होता, म्हणून तिथेच राहिलो.

१२ मे, सकाळ
वहिनीने गिटार केसमध्ये घालून दाराशी ठेवली होती. म्हणाली, पलंगाशेजारी चाकांची खुर्ची यायचीय, जागा लागेल. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. गिटार घेऊन घरी आलो.